दिल्लीदर्शनात नसलेले मराठे

कामानिमित्त दिल्लीला माझे चार-पाच वेळा जाणे झाले होते, पण दर वेळी सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे स्टेशन यांच्या पलीकडे काही पाहिले नाही. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघे खास दिल्ली पाहायलाच गेलो. धुके आणि थंडी यांचा विचार करून बसची सहल टाळली आणि दिवसभराची गाडी ठरवली. ‘आठ घंटे, अस्सी किलोमीटर’ हा तिथला ठरलेला हिशेब. गाडीबरोबर एक वयस्क गाईडही घेतले. माणूस मोठा रसाळ बोलणारा होता. तारखा तोंडपाठ, उर्दू शेर ओठांवर, आणि कुठल्या फाटकाशी गाडी उभी करायची याचे ज्ञान ड्रायव्हरपेक्षा जास्त.

सुरुवात लाल किल्ल्यापासून झाली. लाहोरी दरवाजा, छत्ता बाजार, नौबतखाना, दिवाण-ए-आम असे करत आम्ही दिवाण-ए-खासमध्ये पोहोचलो. शहाजहानने १६३९ मध्ये पाया घातला आणि नऊ वर्षांत किल्ला उभा राहिला, हे त्यांनी सांगितले. मयूरासन कुठे होते ते दाखवले. १७३९ मध्ये नादिरशहाने ते नेले, तेही सांगितले. मग छताकडे बोट करून म्हणाले, “यहाँ चांदी की छत थी साहब. मराठे उखाड ले गये.”

एवढे बोलून ते थेट १८५७ वर गेले.

दिवसभरात आम्ही हुमायूनची कबर पाहिली, इंडिया गेट पाहिले, कुतुबमिनार पाहिला. मिनाराची उंची साडेबहात्तर मीटर, हे मला आता झोपेतही सांगता येईल. सफदरजंगच्या कबरीवरून जाताना गाडी नुसती हळू केली. खरे तर आत जो वजीर पुरला आहे, त्यानेच १७५२ मध्ये अब्दालीपासून बादशाहीचे रक्षण करण्यासाठी मराठ्यांशी करार केला होता. पुढे पानिपतावर जे झाले त्याचा एक धागा इथपर्यंत येतो. मराठ्यांचा दिवसभरातला उल्लेख मात्र एकच, छत उखडणारे.

मला राग आला, हे कबूल करतो. पण रात्री खोलीवर विचार करू लागलो तेव्हा तो राग गाईडवर धरता येईना, कारण त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते. सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या ऑगस्टच्या सुरुवातीस किल्ला घेतला. फौज मोठी, बरोबर यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा पसारा, आणि खजिना रिकामा. उत्तरेतला वसूल येईना, पुण्याहून पैसा पोचेना. तेव्हा दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले आणि फौजेचे पगार भागवले. सुरजमल जाटाला हे रुचले नाही, असे सांगतात. आपल्याकडे पानिपतावर इतके लिहिले गेले, पण या छतापाशी आपण जरा घाईनेच पाने उलटतो. आज वर दिसते ते रंगवलेले लाकडी छत १९११ सालचे आहे.

प्रश्न छताचा नाही, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशी मी गाईड न घेता तीच गाडी बोलावली आणि ड्रायव्हरला म्हटले, आज रस्ता मी सांगतो.

पहिला थांबा तालकटोरा. करोलबागेकडून येणाऱ्याला ते स्टेडियम म्हणूनच ठाऊक असते. मराठी माणसाला आता आणखी एक ओळख आहे, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. त्याआधी दिल्लीत संमेलन झाले होते १९५४ मध्ये, म्हणजे मध्ये सत्तर वर्षे गेली. याच परिसरात १७३७ मध्ये बाजीरावांची बादशाही फौजेशी गाठ पडली. बादशहाचे सरदार त्यांना आग्र्याकडे शोधत होते आणि ते मोठी वळसामजल मारून दिल्लीच्या दाराशी येऊन ठेपले. शहर जाळायचा विचार मनात होता, पण तो सोडून दिला, असे त्यांनी स्वतःच चिमाजीआप्पांना पत्रातून कळवले आहे. राजधानी जाळून राजकारण तुटेल, हा त्यातला हिशेब. दिल्ली हातात असताना ती न जाळता परत फिरणारा सेनापती या शहराने फार वेळा पाहिलेला नाही. तरी त्याची आठवण इथल्या कुठल्या सहलीत नाही.

बाजीराव दिल्लीला तेव्हा पहिल्यांदा आले नव्हते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या मदतीला आले, तेव्हा तरुण बाजीराव बरोबर होते. त्या गडबडीत दिल्लीच्या रस्त्यांत कितीतरी मराठे मारले गेले. पण परतताना बाळाजीपंतांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि कैदेत पडलेल्या येसूबाईंना सोडवून आणले. सनदांचा धडा आपण शाळेत शिकलो. येसूबाईंचे ते परत येणे मला त्याहून मोठे वाटते.

तिथून उत्तरेला बुराडी. दिल्लीची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना या एका वाक्यातला दीड तास कळेल. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, “वहाँ तो कुछ है ही नहीं साहब.” त्याचे म्हणणे बरोबर होते. घरे, दुकाने, विजेच्या तारा, आणि पलीकडे यमुनेचा काठ. १७६० च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी शिंदे इथे पडले. थंडीत नदीचे पाणी उतरलेले, काठावर माणूस बुडेल एवढे उंच गवत. नजीबखानाचे रोहिले आणि अब्दालीचे लोक त्या गवतातून बंदुका घेऊन पुढे आले. मराठी फौजेजवळ त्या घाटावर बंदुका फारशा नव्हत्या, भाला आणि तलवार होती. दत्ताजींना गोळी लागली, जनकोजीही जखमी झाले. दत्ताजींचे शिर कापून अब्दालीकडे नेले गेले. ज्या कुत्बशहाने ते कापले, तो पुढे कुंजपुऱ्यात भाऊंच्या हाती सापडला आणि त्याचा हिशेब तिथे झाला.

आम्ही गेलो तेव्हाही जानेवारीच होता आणि धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. पत्नीने पुण्याहून आणलेल्या तिळगुळाचा डबा गाडीत होता. तिने ड्रायव्हरला दोन वड्या दिल्या, आणि एक पाण्याकडेला ठेवली. मी काही बोललो नाही.

बुराडीच्या रस्त्यावरच कोरोनेशन पार्क लागते. १८७७, १९०३ आणि १९११ चे इंग्रजांचे तिन्ही दरबार याच मैदानात भरले, आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा पंचम जॉर्जने १२ डिसेंबर १९११ रोजी इथेच केली. नव्या दिल्लीची पायाभरणीही आधी इथे झाली. ते दगड मागाहून रायसीनाच्या टेकडीकडे नेले. इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून १९६८ मध्ये काढलेला पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा आता इथे उभा आहे. साम्राज्य गेले तरी त्याचा पुतळा ठेवायला जागा निघाली. बुराडीला साधा दगडही मला दिसला नाही.

आता मुख्य गोष्ट. पानिपतानंतर सगळे संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे आणि विसाजीपंत बिनीवाले यांनी दिल्ली घेतली आणि अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेल्या शहाआलमला पुढच्या जानेवारीत आणून गादीवर बसवले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने पेशव्यांना वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्व कारभाराचा मुखत्यार केले आणि महादजी त्यांचे नायब झाले. मध्ये राजपुतान्यात महादजींना माघार घ्यावी लागली. ती संधी साधून १७८८ मध्ये गुलाम कादर रोहिला किल्ल्यात शिरला आणि त्याने म्हाताऱ्या शहाआलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने ऑक्टोबरात किल्ला परत घेतला, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले आणि गुलाम कादरला पकडून त्याला मरणाची शिक्षा दिली. त्यानंतर १८०३ पर्यंत, सलग पंधरा वर्षे, लाल किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता.

या पंधरा वर्षांचे काही दिसत नाही, कारण आपण तिथे काही बांधलेच नाही. हे टोचते, पण खरे आहे. मराठ्यांना दिल्लीतून सनदा हव्या होत्या, वसूल हवा होता, बादशहाचा शिक्का हवा होता. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले ते सवाई माधवरावांसाठी बादशाही वस्त्रे घेऊन. दिल्ली हाती असलेल्या माणसालाही मान मिळवायला पुण्यातच यावे लागले. शेवटच्या वर्षांत तर किल्ल्याची आणि फौजेची सूत्रे शिंद्यांच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांकडेच होती. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकशी लढाई झाली, तेव्हा शिंद्यांच्या बाजूचा सेनापतीही बूर्कें नावाचा फ्रेंचच होता. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात गेला. फाटक्या चांदव्याखाली बसलेला आंधळा शहाआलम त्याला दिसला. छत आधीच गेले होते, चांदवाही विरला होता.

पटपडगंजच्या लढाईचा एक स्मारकस्तंभ इंग्रजांनी पुढे उभारला. तो आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. तिथे जायचे मनात होते, पण ड्रायव्हरने घड्याळ दाखवले. आठ तास संपत आले होते आणि वरच्या किलोमीटरचा दर वेगळा.

परतीच्या वाटेवर त्यानेच विचारले, “तो साहब, आपके सिंधियाजी का कुछ देखने लायक है कहाँ?” मी सांगितले, पुण्यात, वानवडीला. १७९४ मध्ये महादजी तिथेच वारले आणि शिंद्यांची छत्रीही तिथेच आहे. “उधर दिल्ली का बताते हैं?” त्याने विचारले. मी वानवडीला शेवटचा कधी गेलो होतो, तेच मला आठवेना.