हात पाहण्याची कुळकथा

हात पाहणारा फिरता जोशी पुढचं आधी सांगत नाही. दारात आला की घरातल्या बाईचा किंवा म्हाताऱ्याचा तळहात बघतो आणि पहिल्यांदा होऊन गेलेलं बोलतो. लहानपणी एक मोठं दुखणं अंगावर निघालं, घरातला एक आधार अवेळी गेला, ज्याचं भलं केलं त्यानंच पाठ फिरवली. ऐकणाऱ्याची मान हलली की मग पुढलं सुरू होतं. ‘मागलं सांगतो, पुढलं सांगतो’ ही या धंद्याची बोली, आणि तिच्यातला क्रम ठरलेला आहे. पुढलं खरं निघालं की खोटं हे कळायला वर्षं जातात. मागलं तिथल्या तिथे पडताळून पाहता येतं. म्हणून मागलं जुळलं की त्याच विश्वासावर पुढलं गळी उतरतं.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कवठे महांकाळ तालुका हा अग्रणी नदीच्या खोऱ्यातला दुष्काळी मुलूख. पाऊस पडेल का, विहिरीला पाणी लागेल का, पोरीचं लग्न जमेल का, या प्रश्नांना इथे पिढ्यानपिढ्या उत्तरं हवी होती. आठवड्याचा बाजार, आरेवाडीला बिरोबाच्या बनातली यात्रा, सुगीनंतरची खळी, अशा ठिकाणी भविष्य सांगणाऱ्याला ऐकणारा माणूस मिळायचा. पण हातावरून माणसाचं मागलं कळतं ही समजूत मुळात आली कुठून? तिच्या वंशावळीत पोथी आहे, फिरस्ता आहे, एक आयरिश माणूस आहे आणि पोलिसांचं दप्तरही आहे.

पोथीपासून सुरुवात करू. अंगावरच्या खुणांवरून माणूस ओळखायच्या विद्येला सामुद्रिक म्हणतात. परंपरा तिचं श्रेय समुद्र नावाच्या ऋषीला देते. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त स्त्री-पुरुषांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. बाराव्या शतकात गुजरातेत दुर्लभराज आणि त्याचा मुलगा जगद्देव यांनी ‘सामुद्रिकतिलक’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. या ग्रंथांत तळहात हा शरीराच्या अनेक भागांपैकी एक आहे. पाय, नखं, कपाळ, आवाज, चाल हे सगळं तिथे मोजलं जातं. आणि भर आहे तो पुढल्यावर: हा राजा होईल का, याला धन किती, आयुष्य किती. म्हणजे राजवाड्यातला वारस आणि घरात येणारी सून पारखायची ही विद्या.

जुन्या काळी तिच्याकडे सगळ्यांनी आदरानेच पाहिलं असंही नाही. बौद्धांच्या ‘ब्रह्मजाल सुत्ता’त अंगलक्षणांवर पोट भरणं हलक्या विद्यांमध्ये गणलं आहे. मनुस्मृतीने संन्याशाला नक्षत्रविद्या आणि अंगविद्या सांगून भिक्षा मिळवायला मनाई केली आहे. मनाई करावी लागली, याचा अर्थ असं करणारे लोक तेव्हाही दारोदार फिरत होते.

हातावरून मागचा धागा सापडल्याचा एक सुंदर प्रसंग मात्र संस्कृत नाटकात आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा एक मुलगा खेळण्यासाठी हात पुढे करतो आणि दुष्यंताला त्या हातावर चक्रवर्तीची लक्षणं दिसतात. तो त्याचाच मुलगा भरत असतो. इथे हात कुळाची ओळख देतो. तरीही राजाला खात्री पटते ती आईचं नाव कानावर आल्यावर आणि मुलाच्या मनगटावरून गळालेला ताईत त्याने स्वतः उचलल्यावर. हाताने संशय जागा केला, निर्णय पुराव्याने झाला. कालिदासाला हा फरक नेमका ठाऊक होता.

राजवाड्यातली ही विद्या शेतकऱ्याच्या ओट्यावर आली ती फिरत्या जोश्याबरोबर. गावगाड्यात जोशी दोन तऱ्हेचे. एक ग्रामजोशी: वतनदार, पंचांग सांगणारा, लग्नाचा मुहूर्त काढणारा, बलुत्याचा धनी. दुसरे भटके: पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे, लहान डमरूसारखं कुडमुडं वाजवणारे कुडमुडे जोशी, पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन येणारा आणि पिंगळा पक्ष्याची बोली कळते असं सांगणारा पिंगळा, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत जोशी या नावाखाली यांतली बरीच नावं आजही आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा अशा फिरस्त्यांची आणि गावाची एकमेकांवरची भिस्त व ओढाताण त्यांनी तपशिलाने नोंदवली.

भटक्या जोश्याने तळहातच का धरला, याचं कारण मला साधं दिसतं. कुंडली मांडायला जन्मवेळ लागते. मजुराच्या, धनगराच्या, अल्पभूधारकाच्या घरी ती कुणी लिहून ठेवली होती? ‘मोठ्या दुष्काळात झाला’, ‘पेरणीच्या वक्ताला झाली’ एवढीच जन्माची नोंद. सटवाईने पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहिलेलं नशीब तर कुणालाच वाचता येत नाही. तळहात मात्र सगळ्यांपाशी असतो आणि त्यावर रेघाही असतात. ज्यांना पत्रिका नव्हती त्यांची पत्रिका म्हणून हात वाचला गेला, आणि अनोळखी दारात पत मिळवण्यासाठी वाचनाची सुरुवात मागल्यापासून झाली.

आता त्याला मागलं कळायचं कसं? रेघांवरून नाही. गर्भात साधारण तिसरा महिना संपतो तेव्हा तळहातावरच्या मुख्य घड्या पडलेल्या असतात. आयुष्यरेषा, मस्तकरेषा, हृदयरेषा म्हणून ज्या दाखवतात त्या याच. ज्या रेघा जन्माआधीच उमटल्या त्यांत विसाव्या वर्षी मेलेला बाप आणि चाळिसाव्या वर्षी गेलेली जमीन कशी उमटणार? पण त्या रेघांच्या भोवतीचा हात खूप काही सांगतो. कोयत्याच्या मुठीने ऊसतोड्याच्या तळव्यावर पडलेले घट्टे, द्राक्षबागेत छाटणीची कात्री चालवून अंगठ्याच्या बुडाशी राठ झालेली कातडी, चुलीच्या वाफेने भाजलेलं मनगट, हातावरचं गोंदण, बांगड्यांचा जुना वळ असलेलं पण आता मोकळं मनगट. एवढं पाहिलं की जाणत्या माणसाला निम्मं आयुष्य कळतं. बाकीचं कळतं ते घराच्या भिंतीवरून, दावणीच्या जनावरावरून, बोलण्यातल्या हेलावरून आणि समोरच्याच्या डोळ्यांवरून. शिवाय सांगायची वाक्यं अशी घासूनपुसून तयार झालेली असतात की दुष्काळी मुलखात ती कुणालाही लागू पडावीत. दुखणं, दगा आणि अकाली मरण कोणत्या घरात झालेलं नाही?

याला मी निव्वळ लबाडी म्हणणार नाही. माणूस वाचायची ही कला आहे, पिढ्यांच्या भटकंतीने कमावलेली. तिची किंमत काय मोजावी लागली हे दादासाहेब मोरे यांच्या ‘गबाळ’ या आत्मकथनात दिसतं. कुडमुडे जोशी समाजातल्या पालावरचं जिणं, पसाभर धान्यासाठी दुसऱ्याचं भाग्य सांगायचं आणि स्वतःच्या पोरांना शाळा मिळवण्यासाठी धडपडायचं, हे सगळं तिथे आतून लिहिलेलं आहे. या धंद्याविषयी बोलणाऱ्याने ते आधी वाचावं.

कुळकथेची एक फांदी विलायतेला गेली. ‘कीरो’ या नावाने जगभर गाजलेला हस्तरेषातज्ज्ञ म्हणजे विल्यम जॉन वॉर्नर हा आयरिश माणूस. जन्म १८६६, मृत्यू १९३६. तरुणपणी मुंबईला उतरलो आणि कोकणातल्या ब्राह्मणाकडे ही विद्या शिकलो, अशी हकीकत तो स्वतः सांगे. त्याचं हातांच्या भाषेवरचं पुस्तक १८९४ साली आलं आणि पुढे त्याच्या पुस्तकांची भाषांतरं आपल्याकडच्या बुकस्टॉलवर येऊन बसली. पोथीतली विद्या इंग्रजी वळसा घालून परत आली आणि मधल्या काळात पालातल्या जोश्याचं नाव मागे पडलं. त्याच १८९४ साली मार्क ट्वेनची ‘पडनहेड विल्सन’ ही कादंबरी आली. तिच्यातला वकील एका माणसाचा हात पाहून त्याने पूर्वी खून केल्याचं ओळखतो. पण शेवटी न्यायालयात तो खटला जिंकतो तो बोटांच्या ठशांवर. हात पाहण्याची जुनी आणि नवी रीत इथे एकाच पुस्तकात भेटते.

ही नवी रीतही भारतातलीच. जुलै १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि तो मागे फिरू नये म्हणून कागदामागे त्याच्या पूर्ण पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यात जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला. ठशांची वर्गवारी करण्याच्या पद्धतीला एडवर्ड हेन्री यांचं नाव मिळालं; तिच्यामागची मेहनत मोठ्या प्रमाणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची होती. आता हातावरून खरोखर मागलं कळू लागलं: हा माणूस पूर्वी कधी सापडला, कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या नावाने. ठशाला स्वतःला मात्र काहीच माहीत नसतं. दप्तरात आधी कुणीतरी लिहून ठेवलं असेल तरच तो बोलतो.

नुसत्या पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो का, याची एक परीक्षा महाराष्ट्रात झाली. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी प्रकाश घाटपांडे, नरेंद्र दाभोलकर आणि सुधाकर कुंटे यांच्यासह हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या आणि त्यांतल्या निवडक कुंडल्या ज्योतिष्यांकडे पाठवल्या. मूल कोणत्या गटातलं एवढंच सांगायचं होतं; म्हणजे पुढलं सांगायचं नव्हतं, असलेलं ओळखायचं होतं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं दिली आणि ती सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर निम्मी आली असती. समोर माणूस नाही, त्याचा चेहरा नाही, हात नाही, नुसता कागद आहे. मग मागलं हरवतं. ओट्यावरच्या जोश्याचं बळ कशात होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

या प्रयोगातले दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झगडत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री होते आर. आर. पाटील, तासगाव-कवठे महांकाळचे आमदार. या कायद्याने अघोरी प्रथांना शिक्षा ठेवली, पण जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाल्यांच्या भविष्यकथनाला त्यातून वगळलं. गरिबाच्या भाकरीवर घाव न घालण्याचं हे शहाणपण मला मान्य आहे.

फसवणुकीची जागा आता पाल नाही. दहा बोटांचे ठसे स्कॅन करून मुलाची बुद्धी, कल आणि करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी तालुक्याच्या गावांपर्यंत विकली जाते, संगणकाच्या छापील अहवालासह, हजारो रुपयांना. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१९ साली या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं. हे विकणारा मुलाकडे नीट पाहतसुद्धा नाही. पालावरचा जोशी निदान पाहायचा. आणि राबून झिजलेल्या हाताचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उठत नाही, तेव्हा त्या हाताचं मागलं समोर उघडं असतं. ते वाचायला जोशी लागत नाही.

आईबापांना एवढंच सांगणं आहे: मुलाचं काय होईल हे विचारायला त्याचे ठसे कुणाच्या हवाली करू नका. ते पैसे पुस्तकांना, शिकवणीला, नाहीतर त्याच्या जेवणाला लावा, आणि त्याचा कल ओळखायचा असेल तर वर्षभर त्याच्या शेजारी बसून तो कशात रमतो ते स्वतः बघा. दारात जोशी आला तर त्याला पसाभर धान्य जरूर घाला, त्याची मुलं शाळेत जातात का हेही विचारा, आणि भविष्य न ऐकता निरोप द्या.