क्लोरेला : एका आडनावाची कुळकथा

मार्टिनस बायरिंक हॉलंडमध्ये, डेल्फ्टच्या यीस्ट-स्पिरिटच्या कारखान्यात नोकरीला होता. 1889 साली त्याने तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातलं एकपेशीय हिरवं शेवाळ, जिवाणूंसाठी वापरतात त्या जिलेटिनच्या पद्धतीने, निवडून वेगळं वाढवलं. सूक्ष्म शेवाळाचं असं शुद्ध संवर्धन आधी कुणाला साधलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने बारसं केलं : क्लोरेला व्हल्गॅरिस.

दिसायला अगदीच सामान्य. 2 ते 10 मायक्रोमीटरचा गोळा, आत वाटीच्या आकाराचं हरितलवक. शेपटी नाही, त्यामुळे पोहणं नाही. नर-मादीचा मामला तर कुणी पाहिलेलाच नाही. आईच्या पेशीभित्तिकेआडच दोन, चार, आठ पिल्लं तयार होतात आणि भिंत फाटली की बाहेर पडतात.

प्रयोगशाळेत मात्र ती लाडकी ठरली. ओटो वारबुर्गने 1919 पासून प्रकाशसंश्लेषण अभ्यासलं ते तिच्यावरच. पुढे बर्कलीत मेल्विन कॅल्विनच्या प्रयोगशाळेत क्लोरेला आणि सेनेडेस्मस हे दुसरं हिरवं शेवाळ यांचं पाणी चपट्या काचपात्रात उजेडात ठेवत, त्यात किरणोत्सारी कार्बन सोडत आणि काही सेकंदांतच खालची तोटी उघडून सगळं गरम अल्कोहोलात ओतत. पेशी तत्क्षणी मरत. तोवर कार्बन कोणत्या रेणूपर्यंत पोहोचला, ते हाती लागे. कार्बनची ही वाट शोधल्याबद्दल कॅल्विनला 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वर्गीकरणात मात्र घोळ झाला. गोल, हिरवं, बिनशेपटीचं काही दिसलं की लिही क्लोरेला! अशी शंभरावर नावं जमली. सगळे कुलकर्णी एका घरातले नसतात, हे कुणी ध्यानात घ्यायचं? एरिख केसलरने पेशींचं रसायन तपासून शंका काढल्या. 1999 मध्ये फोल्कर हुस आणि सहकाऱ्यांनी जनुकं ताडून पाहिली, तेव्हा खऱ्या घरातल्या अवघ्या तीन-चार जाती उरल्या. बाकीच्यांपैकी काहींचा तर वर्गच निराळा निघाला.

हॅरिएट चिकने 1903 मध्ये सांडपाण्यातून वर्णिलेल्या क्लोरेला पायरेनॉयडोसाचंही तेच झालं. त्या नावाने जपलेले वाण तपासले, तर ते वेगवेगळ्या जातींचे निघाले. तरी पौष्टिक भुकटीच्या डब्यांवर ते नाव अजून छापलं जातं. नेमकी ओळख पटते ती वाणाच्या क्रमांकाने. बायरिंकचा मूळ वाण जर्मनीत गटिंगनच्या संग्रहात आजही वाढतो आहे, क्रमांक 211-11बी. डबा घेताना नावावर जाऊ नका. विकणाऱ्याला वाणाचा क्रमांक विचारा.