ड्रॅगनचे रक्त आणि हिंगूळ

युनानी हकिमांच्या औषधांत एक लालभडक डिंक आहे. अरबीत त्याचे नाव ‘दम्मुल अख्वैन’, म्हणजे दोन भावांचे रक्त. फारसीत ‘खून-ए-सियावशां’, म्हणजे इराणी दंतकथेतल्या सियावश या राजपुत्राचे रक्त. इंग्रजांनी त्याला ड्रॅगनचे रक्त म्हटले. मराठीतले हिरादखण हे नाव तेवढे या रक्तपातातून सुटले! डिंक एकच, पण रक्त कुणाचे यावर एकमत नाही. हा वाद नुसता शब्दांचा असता तर मी त्यावर लिहिले नसते. पण या नावाच्या घोळापायी एके काळी रोग्यांच्या पोटात विष जात होते.

हे झाड अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावर वाढते. उलट्या छत्रीसारखे दिसते, खोडाला चीर दिली की लाल थेंब पाझरतात आणि वाळून खडे होतात. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याची नोंद आहे. याच ग्रंथात आपले सोपारा आणि कल्याणही येते. सोकोत्रावर अरब, हिंदी आणि ग्रीक अशी मिश्र वस्ती असल्याचे लेखक सांगतो आणि तिथे झाडांपासून थेंबाथेंबाने गोळा होणाऱ्या मालाला ‘हिंदी सिनाबार’ म्हणतो.

घोळ इथेच आहे. सिनाबार म्हणजे आपला हिंगूळ. तो खाणीतून निघतो, पारा आणि गंधक यांचे ते संयुग आहे आणि तापवला की त्यातून पारा सुटतो. डिंकही लाल, हिंगूळही लाल, आणि ग्रीक-रोमन जगात दोघांना एकच नाव. रोमन लेखक प्लिनीने, जो 79 साली मरण पावला, त्यावर गोष्टही रचून ठेवली आहे: हत्तीला विळखा घालून त्याचे रक्त पिणारा ड्रॅगन मरत्या हत्तीच्या ओझ्याखाली चिरडला जातो आणि दोघांच्या मिसळलेल्या रक्तातून हा पदार्थ होतो. गोष्ट भाकड आहे, पण त्याच प्लिनीने एक कामाची तक्रारही केली आहे. वैद्य नावाला फसून डिंकाऐवजी खाणीतला लाल पदार्थ औषधात घालतात आणि तो तर विष आहे, अशी ती तक्रार. त्याचा समकालीन डायोस्कोरिडीसही या दोन वस्तू एक मानू नका असे बजावतो.

डायोस्कोरिडीसचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला. इस्तिफान इब्न बासील याने अनुवाद केला, हुनैन इब्न इसहाकने तो तपासला. दोघेही ख्रिस्ती होते, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘मुसलमानांचे विज्ञान’ म्हणून छाती फुगवताना ही नावे आपण गाळतो. अरबीत खनिजाला ‘जुंजुफ्र’ आणि डिंकाला ‘दम्मुल अख्वैन’ अशी दोन वेगळी नावे वापरात होती. दोन भावांच्या नावामागे हाबील-काबीलची लोककथा सांगतात, म्हणजे गोष्टीची हौस अरबांनाही होतीच. पण त्यांच्या गोष्टीने दोन पदार्थ एकात मिसळले नाहीत. पुढे अल बेरुनीने आयुष्याच्या अखेरीस ‘किताबुस सैदना’ हा औषधींचा ग्रंथ लिहिला, त्यात एकेका औषधाची अरबी, ग्रीक, सुर्यानी, फारसी आणि हिंदुस्थानी नावे शेजारी शेजारी मांडली. मला ही यादी कुठल्याही गूढ ग्रंथापेक्षा मोलाची वाटते.

किमयेबद्दल बोलताना आपल्याकडे जाबिर बिन हय्यानचे नाव पहिले निघते. त्याच्या नावावरचे बरेच ग्रंथ नंतरच्या लोकांनी लिहिले असावेत, असे अभ्यासक मानतात. माझा ओढा अबू बक्र राझीकडे आहे. रय शहरचा हा हकीम, रुग्णालय चालवणारा. त्याच्या ‘किताबुल असरार’ या ग्रंथाच्या नावात रहस्य आहे, पण आत भांडी, भट्ट्या आणि पदार्थांच्या याद्या आहेत. तापवल्यावर उडून जाणारे चार पदार्थ (पारा, नवसागर, गंधक आणि हरताळ-मनशीळ) त्याने एका गटात ठेवले. पारा त्याने स्वतःच्या माकडाला पाजून पाहिला. माकड पोट धरून कळवळले, पण जगले. भट्टीवर उडवून जमवलेला पारा मात्र जीवघेणा, असे त्याने लिहून ठेवले. अझदहा नाही, रूपक नाही.

दुसरी वाटही आपल्याच घरातली आहे. दहाव्या शतकातल्या इजिप्तमध्ये इब्न उमैल बूसीरच्या प्राचीन मंदिरात गेला. तिथे पाहिलेली चित्रे त्याने ‘रुपेरी पाणी आणि ताऱ्यांची माती’ अशा नावाच्या ग्रंथात वर्णन केली आहेत: दोन पक्षी, एक पंखांचा, एक बिनपंखांचा, एकमेकांना धरून वर्तुळ करणारे. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपभर वाचला गेला. 1612 साली पॅरिसला निकोला फ्लामेलच्या नावावर छापलेल्या पुस्तकात असेच एक पंखवाला आणि एक बिनपंखांचा असे दोन ड्रॅगन आहेत. पंखवाला पारा, कारण तो उडतो. बिनपंखांचा गंधक. म्हणजे ज्यांच्या संयोगातून हिंगूळ होतो तीच जोडी. किमयागारांच्या सांकेतिक भाषेत हिंगुळाला पुन्हा ड्रॅगनचे रक्त म्हणू लागले. चित्र म्हणून हे विलक्षण आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्याला कृती करायची आहे, त्याने यातून काय घ्यायचे?

1880 मध्ये आयझॅक बेली बाल्फर हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ सोकोत्राला गेला आणि त्या झाडाला ‘ड्रसीना सिनाबारी’ हे शास्त्रीय नाव मिळाले. ड्रसीना म्हणजे ग्रीकमध्ये मादी ड्रॅगन, आणि सिनाबारी म्हणजे तोच हिंगूळ. बाजाराची तऱ्हा आणखी निराळी. ड्रॅगनचे रक्त म्हणून विकला जाणारा बराच डिंक सोकोत्राच्या झाडाचा नसतोच. तो सुमात्रा-बोर्निओकडच्या एका वेताच्या फळांवरून खरवडून काढलेला असतो.