सगळे एकदम बोलू लागले तर

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे गाव आहे. तिथली राजवाडी होळी पहाटे पेटते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून हजारो माणसे येतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले गडी ढोलावर रात्रभर नाचतात. काही वर्षांपूर्वी मी तिथे असताना बरोबरच्या एका वयस्क गृहस्थांना भोवळ आली. मोलगीहून गाडी बोलवायची होती. मोबाइलवर रेंज पूर्ण, पण फोन लागेना. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. आजूबाजूला कितीतरी जण तेच करत होते.

अशा वेळी फोन न लागण्याची कारणे अनेक. बोलण्याच्या वाटाच भरलेल्या असतात, हे एक. पण त्याआधी ‘मला बोलायचे आहे’ असा निरोप फोनला टॉवरकडे धाडावा लागतो आणि तो दरवाजा सगळ्यांना मिळून असतो. दोन निरोप एकाच क्षणी आदळले, की बहुधा दोन्ही वाया जातात.

या दरवाजाची गोष्ट सुरू होते हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. बेटाबेटांवरची टर्मिनले त्यांना ओआहू बेटावरच्या संगणकाला जोडायची होती. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या, म्हणून त्यांनी रेडिओ घेतला. नियम हसू यावे इतका साधा : मनात येईल तेव्हा निरोप पाठवा, पोच आली नाही तर थोडे थांबून परत पाठवा. किती थांबायचे, ते मात्र ज्याने त्याने चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवायचे. नाहीतर तेच दोघे पुन्हा भिडणार. जून १९७१मध्ये हे जाळे चालू झाले. नाव ‘अलोहा’, म्हणजे तिकडचा रामराम! हिशेबाने फार तर १८ टक्के वेळ कामी येई. १९७२मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी घड्याळाच्या ठोक्यावरच निरोप सोडण्याची शिस्त सुचवली आणि ही मर्यादा ३७ टक्क्यांच्या आसपास गेली.

खरी मेख पुढेच होती. लिओनार्ड क्लाइनरॉक आणि सायमन लॅम यांनी १९७५मध्ये ती उलगडून दाखवली. टकरी झाल्या की परत पाठवणारे वाढतात. ते वाढले की टकरी वाढतात. सुरळीत चाललेले जाळे गर्दीच्या एका लाटेने ठप्प होते आणि लाट ओसरली तरी सहजी सावरत नाही. उपाय एकच : गर्दी वाढेल तसे परत पाठवणे विरळ करायचे. पण प्रत्येकाला गर्दी दिसते कुठे? आपला निरोप पोचला की नाही, एवढेच त्याला कळते. रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांच्या इथरनेटने टक्कर हाच गर्दीचा पुरावा मानला. दर टकरीनंतर थांबण्याची मुदत दुप्पट केली.

जीएसएम मोबाइलमध्ये टॉवरच सगळ्यांना सांगत राहतो, की किती वेळा आणि किती अंतराने प्रयत्न करायचा. फारच दाटी झाली, तर काही फोनांना तो दाराबाहेरच थांबवू शकतो. म्हणजे काठीला माझा फोन नियमाने वागून गप्प बसत होता. मीच बटण दाबून त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो.

शेवटी एका पावरा तरुणाने मोटरसायकल काढली आणि तो मोलगीला गेला. उजाडता उजाडता गाडी आली, गृहस्थ बरे झाले. माझा फोन लागला तो लोक घाट उतरू लागल्यावर.