एका रात्रीत 58

4 फेब्रुवारी 2020
अमेरिकेचं औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, कोरोनाच्या एका चाचणीला तातडीची परवानगी देतं. चाचणी सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने तयार केलेली. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या शास्त्रज्ञांची चाचणीपद्धत जानेवारीच्या मध्यापासून जगाला खुली आहे, पण अमेरिका स्वतःचीच वापरायचं ठरवते. या व्यवस्थेत एक खोच आहे. विद्यापीठांच्या आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना आपापली चाचणी वापरायची असेल, तर त्यांनाही आधी एफडीएची परवानगी लागेल. पुढचे साडेतीन आठवडे हा नियम हलत नाही.

12 फेब्रुवारी
राज्यांच्या प्रयोगशाळांत पोहोचलेले किट नीट चालत नसल्याचं सीडीसी जाहीर करते. तीनपैकी एक घटक सदोष आहे. जिथे विषाणू नाहीच, तिथेही तो असल्याचं दाखवतो. नवा घटक येईपर्यंत बहुतेक नमुने अटलांटाला, सीडीसीच्या प्रयोगशाळेत जाणार.

चाचण्या मोजक्या, म्हणून चाळणी. चीनहून आलात का? ठाऊक असलेल्या रुग्णाच्या संपर्कात होतात का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर चाचणी नाही. (प्रवासाची ही अट मार्चच्या मध्यापर्यंत आपल्याकडेही होती, देशांची यादी तेवढी लांबत गेली.)

19 फेब्रुवारी
कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोमध्ये, यूसी डेव्हिस वैद्यकीय केंद्रात, दुसऱ्या रुग्णालयातून एक रुग्ण आणला जातो. व्हेंटिलेटरवर. डॉक्टर कोरोनाची चाचणी मागतात. रुग्ण परदेशी गेलेला नाही, म्हणजे अटीत बसत नाही. चाचणी होत नाही.

23 फेब्रुवारी, रविवार
चाचणीचा आदेश निघतो.

26 फेब्रुवारी
निकाल पॉझिटिव्ह. मागणीपासून सात दिवस. पहिल्या रुग्णालयात या रुग्णाच्या संपर्कात आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या नंतर 121 निघते. त्यांतल्या तिघांना लागण झालेली असते.

27 फेब्रुवारी
सीडीसी अट सैल करते. गंभीर आजारी रुग्णाची चाचणी आता प्रवास केलेला नसला तरी होऊ शकेल. सिएटलजवळच्या कर्कलंडमध्ये एव्हरग्रीनहेल्थ रुग्णालयाचे डॉक्टर लगेच दोन नमुने पाठवतात.

28 फेब्रुवारी
दोन्ही पॉझिटिव्ह. पाठवले दोन, निघाले दोन. या प्रमाणावरूनच काय ते कळायला हवं होतं. शहरातल्या लाइफ केअर सेंटर या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात विषाणू शिरल्याचं आता उघड होतं. तिथे सुमारे 130 जण राहतात. श्वसनाचे आजार बळावल्याची कुजबुज तिथे फेब्रुवारीच्या मध्यापासून होती.

29 फेब्रुवारी
वॉशिंग्टन राज्य कोरोनाचा पहिला मृत्यू जाहीर करतं. त्याच दिवशी एफडीए नियम बदलतं: सक्षम प्रयोगशाळांनी परवानगीची वाट न पाहता चाचण्या सुरू कराव्यात.

5 मार्च
परिचारिकांची संघटना उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका सदस्येचं निवेदन वाचून दाखवते. कोरोनाच्या रुग्णाची शुश्रूषा केल्यावर ती आजारी पडली आहे. तिच्या डॉक्टरांनी चाचणी सांगितली, काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी होकार दिला, पण सीडीसीकडून नकार आला. निवेदनात तिने नकाराचं कारणही दिलं आहे: संरक्षक पोशाख नीट घातला असेल, तर तुला कोरोना झालेलाच नाही.

6 मार्च
राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प अटलांटात, सीडीसीच्या मुख्यालयात. ज्याला चाचणीची गरज आहे त्याला ती मिळते, असं ते पत्रकारांना सांगतात.

7 मार्च
लाइफ केअर सेंटरचा प्रवक्ता पत्रकारांसमोर आकडे ठेवतो. 180 कर्मचाऱ्यांपैकी 70 जणांना लक्षणं आहेत. ते कामावर नाहीत. रहिवाशांसाठी किट आले आहेत, कर्मचाऱ्यांसाठी नाहीत.

या कर्मचाऱ्यांपैकी काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करतात. लक्षणं असतानाही काही जण कामावर येत होते. दोन्ही गोष्टी सीडीसीच्याच अहवालात पुढे येतील.

9 मार्च
किंग काउंटीत, म्हणजे कर्कलंडच्या परिसरात, वृद्धांच्या आणखी किमान आठ केंद्रांत रुग्ण सापडले आहेत.

सॉल्ट लेक सिटीत यूटा जॅझ या बास्केटबॉल संघाचा खेळाडू रूडी गोबेअर पत्रकार परिषद संपवून उठतो आणि जाता जाता टेबलावरचे सगळे माइक, सगळे रेकॉर्डर हाताने चाचपून जातो. गंमत म्हणून.

11 मार्च, बुधवार. सकाळ
वेळा यापुढे ओक्लाहोमा सिटीच्या. कर्कलंडचं घड्याळ दोन तास मागे.

जॅझ संघ इथे थंडर संघाशी खेळायला आला आहे. गोबेअर आजारी. फ्लू, घशाचा जंतुसंसर्ग आणि श्वसनमार्गाचे इतर नेहमीचे संसर्ग तपासले जातात. काही सापडत नाही. तिकडे जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटना कोविडला जागतिक महासाथ जाहीर करते.

दुपार
गोबेअरला बरं वाटू लागतं. तरीही बास्केटबॉल लीगचे, म्हणजे एनबीएचे, डॉक्टर आणि ओक्लाहोमाचे आरोग्य अधिकारी खबरदारी म्हणून कोरोनाची चाचणी करायचं ठरवतात.

निर्णय अचूक होता, आणि त्यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो कर्कलंडच्या 70 जणांचा. गोबेअरचा त्रास कमी होत असताना त्याची चाचणी झाली. त्यांना लक्षणं असूनही 7 मार्चला किट नव्हते.

संध्याकाळी 7 च्या आधी
निकाल येतो. पॉझिटिव्ह. सकाळची शंका, संध्याकाळी उत्तर.

7.00
अठरा हजारांहून जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये दोन्ही संघ सामना सुरू करायला उभे आहेत. गोबेअर स्टेडियममध्ये नाही. थंडर संघाच्या वैद्यकीय विभागाचा अधिकारी धावत पंचांकडे जातो. थोडी चर्चा होते आणि खेळाडूंना आत पाठवलं जातं. प्रेक्षकांना कुणी काही सांगत नाही. मध्यंतरासाठी बोलावलेला गायक आताच गाऊन घेतो.

अर्ध्या तासाने ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते: अनपेक्षित कारणामुळे सामना पुढे ढकलला आहे, तुम्ही सुरक्षित आहात, सावकाश बाहेर पडा.

8.02
ट्रम्प यांचं राष्ट्राला उद्देशून भाषण सुरू होतं. युरोपातून येणाऱ्या प्रवाशांवर 30 दिवस बंदी. चाचण्यांची क्षमता दिवसेंदिवस झपाट्याने वाढते आहे, असंही एक वाक्य त्यात आहे.

8.08
अभिनेता टॉम हँक्स ऑस्ट्रेलियातून ट्विट करतो. तो आणि पत्नी रीटा विल्सन दोघेही पॉझिटिव्ह.

8.30 च्या सुमारास
एनबीए संपूर्ण हंगाम स्थगित करते. पुढच्या काही दिवसांत इतर लीग, विद्यापीठांच्या स्पर्धा, शाळा एकामागून एक बंद होतात. अमेरिकेला त्या रात्री जाग आणली ती एका माणसाच्या चाचणीने. सामना तिने सुरू होण्याआधी थांबवला. वेळेवर झालेली चाचणी काय करू शकते, याचा याहून स्वच्छ पुरावा त्या वर्षी क्वचितच मिळाला असेल.

रात्री उशिरा
जॅझचा संघ ड्रेसिंग रूममध्ये अडकून आहे. ओक्लाहोमाच्या आरोग्य खात्याचे लोक तिथे येतात. खेळाडू, प्रशिक्षक, सोबतचा सगळा ताफा. एकेकाच्या नाकात स्वॅब. एकूण 58.

12 मार्च, गुरुवार
निकाल हाती आहेत. संघातला आणखी एक जण पॉझिटिव्ह, खेळाडू डोनोव्हन मिचेल.

वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीपुढे सरकारी संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची सांगतात की, इतर देशांत लोकांना सहज चाचणी मिळते तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. हे अपयश आहे, ते मान्य करू या.

17 मार्च
ब्रुकलिन नेट्स संघाचे चार खेळाडू पॉझिटिव्ह. चाचण्या खासगी कंपनीकडून करून घेतल्याचं संघ सांगतो. न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ ट्विट करतात: गंभीर आजारी रुग्ण ताटकळत असताना अख्ख्या संघाची चाचणी व्हायला नको, चाचणी श्रीमंतांसाठी नाही, आजाऱ्यांसाठी आहे. खासगी कंपनीला अर्थातच ही रांग पाळण्याचं बंधन नव्हतं. तसा नियम कुणी केलेलाच नव्हता.

18 मार्च
व्हाइट हाउसमध्ये एक पत्रकार विचारतो, ओळखीपाळखीच्या लोकांचा नंबर आधी लागतो का? लागायला नको, असं ट्रम्प म्हणतात, आणि पुढे जोडतात: आयुष्याची गोष्ट कदाचित अशीच असते.

त्याच दिवशी सीडीसी कर्कलंडचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यातले आकडे 9 मार्चपर्यंतचे: रुग्ण 129, मृत्यू 23. अहवाल बाहेर पडेपर्यंत ते मागे पडलेले असतात. लाइफ केअर सेंटरशी जोडलेले रुग्ण 18 मार्चला 167 आहेत. रहिवासी 101, त्यांतले 34 मृत. भेटायला आलेले 16. आरोग्य कर्मचारी 50.