ढोरं कोण राखील?



कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेतलं एखादं पोर वर्गात दिसलं नाही, तर ते कुठं असेल हे आपल्या वाशिम जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. गुरुजी घरी विचारायला आले की उत्तरही ठरलेलं असतं: पोर शाळेत गेलं तर ढोरं कोण राखील? धाकटं कोण सांभाळील? हा प्रश्न जुना आहे. तो कोणी ऐकला, आणि त्यावर काय केलं, ते आज सांगते.

आपल्या कारंजा तालुक्याला लागून मूर्तिजापूर तालुका आहे. तिथलं गाव दापुरा. 1876 साली जन्मलेला डेबुजी, वडील गेल्यावर, आई सखुबाईसोबत तिच्या माहेरी या गावात आला. मामाची ढोरं राखायची, अंगात बळ आलं की नांगर धरायचा, असं त्याचं बालपण गेलं. शाळा नशिबी नव्हती. पुढे मामाची शेती सावकाराच्या कर्जात अडकली, तेव्हा अक्षर न येण्याची किंमत त्यानं डोळ्यांनी पाहिली. हाच डेबुजी म्हणजे आपले गाडगेबाबा. ताटाशिवाय जेवा, पण लेकराला शिकवा, हे ते कीर्तनातून उगाच सांगत नव्हते.

डेबुजी सहा वर्षांचा होता, त्याच साली म्हणजे 1882 मध्ये, जोतिराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. शेतकऱ्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण घरात गरिबी आहे आणि गुरं राखायला, शेत सांभाळायला ती मुलं लागतात, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शाळा वाढवा, गरिबाच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि बक्षिसं द्या, असं त्यांचं मागणं होतं. त्यांनी आईबापाला दोष दिला नाही. घराची अडचण ओळखली.

सरकारनं सक्ती केली नाही. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते पुढच्या वर्षी नामंजूर झालं. पोरं शाळेत गेली तर आमच्या शेतात राबेल कोण, ही धास्ती विरोध करणाऱ्या जमीनदारांना होती. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा, वसतिगृहं उभी राहिली.

तरी घरी राहणाऱ्या मुलीचं काय? याचं उत्तर दोन बायांनी शोधलं: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुली धाकट्यांना सांभाळत घरी बसत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात भरवली. कडेवरचं लेकरू पाळणाघरात ठेवायचं आणि ताईनं शेजारच्या वर्गात बसायचं! ढोरं कोण राखील, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर आधी कोणी दिलं नव्हतं.

पुढे सरकारही त्याच वाटेनं आलं. 1975 पासून अंगणवाडी आली. 1995 पासून शाळेत हजर राहणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागले. सुप्रीम कोर्टाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण आलं, आणि ती खिचडी शिजवायला गावोगावी आपल्याच बचत गटांच्या बाया उभ्या राहिल्या. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर, शेतमजुरीवरही, ठेवणं गुन्हा ठरला. घरच्या शेतात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शाळा बुडवून नाही.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नुसत्या धाकानं पोर शाळेत टिकत नाही. शाळा जवळ असावी लागते, पोटाला अन्न लागतं, आणि घरचं काम दुसऱ्या कोणीतरी उचलावं लागतं. मुलगी घरी थांबली तरच मायची मजुरी होते, हे खरं आहे. म्हणून नुसतं त्या मायला बोल लावून भागणार नाही.

मग आपण काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं कायदाच सांगतो. आपलं नाव त्यात नुसतं सहीपुरतं नको. वेचणी आणि सोंगणीच्या आधी बैठक घ्या, कोणाच्या घरची मुलगी गैरहजर राहील ते आधीच ओळखा. अंगणवाडी पूर्ण वेळ उघडी राहते का, ते पाहा. मायबाप कामाला परगावी जात असतील, तर मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागा. कोणी लहान मुलाला मजुरीला लावलं असेल, तर 1098 वर फोन करा. आणि गटातल्या एखादीनं आळीपाळीनं चार घरची लेकरं सांभाळली, तर चार मुली शाळेत जातील. कोसबाडला जे जमलं, ते आपल्या गावातही जमेल.

दापुऱ्याच्या डेबुजीला हे सांगणारं कोणी नव्हतं. आपल्या गावच्या डेबुजीला आणि त्याच्या बहिणीला आपण आहोत.