उत्तराच्या आधीचं गाव

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे सामान्यज्ञान. विषय ऐकून काही जणांना वाटेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? एका ओळीचा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर, पाठ करायचं आणि पुढं जायचं. आपल्याकडं स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली रोज तेच करतात आणि त्यात काही गैर नाही. आज आपण फक्त एवढंच करू, की नेहमीचेच प्रश्न घेऊ, त्यांची नेहमीचीच उत्तरं घेऊ आणि प्रत्येक उत्तराला आणखी एक प्रश्न विचारू : हे आलं कुठून? उदाहरणं सगळी एकाच जिल्ह्यातली घेतली आहेत. तो जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे कालपर्यंतचा अहमदनगर आणि बोलण्यातला नुसता 'नगर'.

पहिला प्रश्न. मुलूखमैदान तोफ कुठं आहे? उत्तर : विजापूर. बरोबर, एक गुण. आपण मराठी माणसं तर एखाद्या दणदणीत वक्त्यालाही 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो, इतकी ती आपल्या भाषेत मुरलेली आहे. पण ही तोफ ओतली गेली नगरला, 1549 साली, पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. ओतणारा कारागीर होता मुहंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. नाव तोफेवरच कोरलेलं आहे.

आता यातलं विज्ञान पाहा. तोफ पंचधातूची म्हणून सांगितली जाते, पण मुख्यतः ती तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे कांशाची आहे. देवळातली घंटाही याच जातीच्या धातूची, म्हणून या तोफेवर टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजते. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन 55 टन सांगतात. एवढा धातू एका वेळी वितळवायचा, साच्यात न थांबता ओतायचा आणि तो तडा न जाता थंड होऊ द्यायचा, हे काम नगरच्या परिसरात झालं. तोंडाशी सिंहाचा जबडा घडवलेला आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला दाखवला आहे. म्हणजे शास्त्र, शिल्प आणि युद्ध एकाच वस्तूत. निजामशाहीच्या पडत्या काळात ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला गेली. 1686 मध्ये औरंगजेबानं विजापूर जिंकलं, तेव्हा त्यानंही आपला लेख तिच्यावर कोरून घेतला.

इथून दुसरा प्रश्न आपोआप येतो. औरंगजेबाची कबर कुठं आहे? खुलताबाद. हेही बरोबर. पण तो वारला कुठं? नगरला, भिंगारजवळच्या छावणीत, 1707 साली. दख्खन जिंकायला तो आला आणि पंचवीस वर्षं इथंच अडकून पडला. ज्या नगरात ती तोफ जन्माला आली, त्याच नगराशेजारी तिच्यावर नाव कोरणारा बादशहा संपला. दोन वेगळ्या पानांवरची दोन उत्तरं होती. 'कुठून' विचारल्याबरोबर ती एकमेकांशी बोलायला लागली की नाही?

तिसरा प्रश्न. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' कोणी लिहिलं? नेहरूंनी. कुठं लिहिलं? अहमदनगरच्या किल्ल्यात. इथं नगरचं नाव पुस्तकात येतं, त्यामुळं हे उत्तर आपल्याकडं पोराटोरांना पाठ असतं. पण खरी गोष्ट या उत्तराच्याही पुढं आहे.

9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीची धरपकड झाली आणि बहुतेकांना रेल्वेनं नगरला आणलं गेलं. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंदवल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. अशी बारा माणसं. एक उर्दू-अरबीचा पंडित, एक बौद्ध तत्त्वज्ञानाचा, कोणी वकील, कोणी ओडिशाचा, कोणी बंगालचा, कोणी आंध्रचा. सरकारनं त्यांना एकत्र कोंडलं ते गप्प बसवायला. प्रत्यक्षात तिथं एक छोटं विद्यापीठच भरलं. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत नेहरूंनी आपलं पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं ते या तुरुंगातल्या सोबत्यांनाच. आझादांनी तिथं मित्राला पत्रं लिहिली, जी त्या वेळी धाडताच येणार नव्हती. तीच पुढं 'गुबार-ए-खातिर' या नावानं उर्दू साहित्यातलं मोठं पुस्तक झाली. त्यात चहा आहे, चिमण्या आहेत. आझादांची पत्नी कलकत्त्याला आजारी होती. ती 1943 मध्ये गेली, तेव्हा आझाद याच किल्ल्यात होते.

आणखी एक तपशील, जो आम्हाला फार मोलाचा वाटतो. नेहरूंनी लिहून ठेवलंय की किल्ल्याच्या आवारात बागेसाठी खणताना जुन्या भिंतींचे आणि इमारतींचे अवशेष हाताला लागत. म्हणजे भारताचा शोध घेणाऱ्या माणसाच्या कुदळीखाली निजामशाही होती, चांदबिबीचा किल्ला होता. आणि याच किल्ल्याचा 12 ऑगस्ट 1803 रोजी ताबा घेणारा आर्थर वेलस्ली म्हणजे पुढं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 'वॉटर्लूचा विजेता कोण?' हा प्रश्न युरोपच्या इतिहासात येतो, पण त्या सेनापतीची घडण दख्खनच्या मैदानात झाली.

चौथा प्रश्न. महात्मा फुल्यांनी मुलींची शाळा कुठं आणि कधी काढली? पुणे, 1848. हे उत्तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायलाच हवं. आता 'कुठून' विचारू. जोतीरावांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की, त्यांचे मित्र सदाशिव गोवंडे नगरला होते, त्यांच्याकडं गेले असताना त्यांनी अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परतल्यावर लगेच आपली शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीतही मिस फरार यांचं नाव घेतलं जातं. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईला आल्या, 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. याच मिशननं 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहून सुरू केलं.

यानं पुण्याचं किंवा फुल्यांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. शाळा पाहणारे बरेच असतील, पण आपल्याच समाजाचा विरोध पत्करून शाळा काढणारे जोतीराव-सावित्रीबाईच. मात्र हे कळलं की एक गोष्ट लक्षात येते : मोठं काम बहुतेकदा कुठंतरी पाहिलेल्या छोट्या कामातून निघतं. परीक्षेच्या पुस्तकात सन आणि गाव राहतं, हे पाहणं गळून जातं.

पाचवा प्रश्न पुरातत्त्वाचा. जोर्वे संस्कृती म्हणजे काय? महाराष्ट्रातली ताम्रपाषाणयुगीन शेतकरी संस्कृती, ढोबळमानानं इसवी सनापूर्वी 1400 ते 700. पुणे जिल्ह्यात इनामगावला तिचं मोठं उत्खनन झालं, तरी नाव मात्र जोर्व्याचं. जोर्वे हे संगमनेरजवळ प्रवरेकाठी वसलेलं साधं गाव. 1950-51 मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं आणि तिथल्या तांबड्या, काळी नक्षी काढलेल्या मडक्यांमुळं या गावाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गेलं.

प्रवरेच्याच काठानं खाली श्रीरामपूर तालुक्यात आलो की दायमाबाद लागतं. 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना तिथं चार कांस्यशिल्पं सापडली : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चारांचं मिळून वजन 60 किलोंच्या वर. आज ती पाहायची तर जिल्ह्याबाहेरच्या संग्रहालयांत जावं लागतं. पुस्तकात उत्तर असतं, 'उत्तर हडप्पाकालीन'. पण इथं विज्ञान आपल्याला थांबवतं. धातूचं वय कोळशासारखं थेट काढता येत नाही. वस्तू कुठल्या थरात होती, तिच्याशेजारी काय होतं, यावरून ते ठरवायचं असतं. ही शिल्पं पद्धतशीर उत्खननात न सापडता शेतकऱ्याच्या हाताला लागली, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. काही जण त्यांना हडप्पाच्या शेवटच्या टप्प्यातली मानतात, काहींना शंका आहे. वस्तू कुठून आली ही माहिती हरवली की तिचं वय सांगणंही किती अवघड होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

सहावा प्रश्न, भूगोलाचा. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर? कळसूबाई, 1646 मीटर, अकोले तालुक्यात. सातवा, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना? प्रवरानगर, 1950. ही दोन उत्तरं पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत असतात. जमिनीवर ती एकाच पाण्यानं जोडलेली आहेत. अकोल्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेला नगर शहरापर्यंत येईतो रिकामा होतो, तिथं 500 ते 600 मिलिमीटरवर भागवावं लागतं. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली, ते धरण 1926 साली पूर्ण झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, कालव्यानं ऊस आला, उसानं आधी गूळ आणि खाजगी कारखाने आले. मग भाव आपल्या हातात नाही हे ओळखून शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ही नावं इथं येतात. म्हणजे लोणीच्या साखरेचं 'कुठून' हे अकोल्याच्या डोंगरात आहे.

आणि तेवढंच ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरड्या रानातही आहे. जिथं कालवा पोचला नाही, तिथली माणसं दर दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, कोयता घेऊन, बैलगाडीत संसार टाकून ऊसतोडीला निघतात. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'पहिला कारखाना' असतो, कोयता नसतो. त्यांच्या मुलांची शाळा कुठल्या गावाच्या हजेरीपटावर धरायची, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नमंजूषेत येत नाही.

शेवटचा प्रश्न. अहिल्याबाई होळकरांची राजधानी? महेश्वर. जन्म? 1725, चोंडी, तालुका जामखेड. जिल्ह्याला 2024 मध्ये मिळालेलं नाव याच लेकीचं आहे. त्यामुळं पुस्तकांतलं उत्तर बदललं. जुनं नाव अहमद निजामशाहाचं, ज्यानं 1490 मध्ये बहमनी राज्यातून बाहेर पडून स्वतंत्र राज्य उभं केलं आणि पुढं हे शहर वसवलं. आता विद्यार्थ्यांना दोन्ही नावं पाठ करावी लागतील. आमचं म्हणणं एवढंच, की दोन्ही माणसंही माहीत करून घ्यावीत.

हे सगळं एकत्र ठेवून पाहा. तोफ विजापूरला, शिल्पं संग्रहालयांत, शाळेची कल्पना पुण्याला, अहिल्याबाई महेश्वरला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला, 1290 मध्ये, पैस खांबाला टेकून, पण आपण ज्ञानोबांना आळंदीकर म्हणून ओळखतो. सामान्यज्ञान बहुधा शेवटचा मुक्काम नोंदवतं. त्यामुळं ज्या गावांतून गोष्टी निघाल्या, त्या गावांतल्या मुलांना वाटत राहतं की इतिहास दुसरीकडं कुठंतरी घडला, आपल्याकडं फक्त दुष्काळ आणि एसटी स्टँड. मग वाड्याची वीट निघते, शिलालेखावर रंग फासला जातो, पांढरीच्या टेकाडाची माती वीटभट्टीला जाते आणि कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडं काही होतं हेच ठाऊक नसेल, तर ते सांभाळायचं कोणी?

म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या श्रोत्यांना एक सुचवतो. उत्तरं पाठ कराच, गुण लागतातच. पण वहीत प्रत्येक उत्तराशेजारी एक रकाना आखा आणि वर लिहा, 'कुठून'. सगळे रकाने भरणार नाहीत. दहातले दोन भरले तरी चालेल. आणि अकरावा प्रश्न स्वतःच्या गावाचा घाला : आपल्या शिवारातली पांढर कुठं आहे, वेशीवरच्या दगडावर काय कोरलंय, ओढ्याचं पाणी कुठल्या नदीला मिळतं? त्याची उत्तरं छापील पुस्तकात नाहीत. ती अजून गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं आहेत, तोवर विचारून घ्या.